कात्रीतून आलेला विनोद

१९८८ साली 'अ फिश कॉल्ड वाँडा' प्रदर्शित झाला तेव्हा त्याचे दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन अठ्ठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांचा आधीचा चित्रपट येऊन तेवीस वर्षं लोटली होती. एवढ्या वयाच्या माणसावर पैसा लावायला स्टुडिओ कचरत होता. तेव्हा नायक आणि पटकथाकार जॉन क्लीज यांनी सहदिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुढं केलं. ते फक्त समजूत काढण्यापुरतं. कामाची सगळी सूत्रं क्रायटन यांच्याच हाती होती.

क्लीज यांना हाच दिग्दर्शक का हवा होता, याचं उत्तर क्रायटन यांच्या उमेदवारीत आहे. १९३० च्या दशकात ते निर्माते अलेक्झांडर कोर्डांकडे संकलक होते. आपल्याकडच्या साबू या अभिनेत्यामुळे गाजलेला 'द थीफ ऑफ बगदाद' त्यांनीच संकलित केला. विनोदात एखादा क्षण किती वेळ ठेवायचा आणि कुठे तोडायचा, यावरच हशा ठरतो. क्रायटन यांना ते कात्री चालवता चालवता कळलं होतं.

पुढे लंडनच्या ईलिंग स्टुडिओत ते दिग्दर्शक झाले. 'ह्यू अँड क्राय' (१९४७) मध्ये बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या ढिगाऱ्यांतून पोरं चोरांचा पाठलाग करतात. 'द लॅव्हेंडर हिल मॉब' (१९५१) तर मासलाच. बँकेतला पापभीरू कारकून सोनं पळवतो आणि वितळवून त्याचे छोटे आयफेल टॉवर ओततो. त्यातले काही पॅरिसमध्ये खऱ्या आयफेल टॉवरवर चुकून शाळकरी मुलींना विकले जातात. मुली लिफ्टने खाली निघतात आणि कारकून (अॅलेक गिनेस) आणि त्याचा साथीदार (स्टॅनली हॉलवे) टॉवरच्या चक्राकार जिन्यावरून धावत सुटतात. जिना संपता संपत नाही. आधी धास्ती, मग गरगर आणि शेवटी दोघांनाही न आवरणारं हसू. इथं क्रायटन मुद्दाम लांबण लावतात, कारण दमछाक प्रेक्षकालाही जाणवायला हवी.

ईलिंगचा जमाना सरला तशी त्यांची गाडी रुळावरून घसरली. 'बर्डमन ऑफ अल्कट्राझ'चं काम सुरू केलं. पण नायक बर्ट लँकेस्टरशी पटलं नाही आणि तो चित्रपट जॉन फ्रँकनहायमर यांच्याकडे गेला. १९६५ नंतर टीव्ही मालिका आणि क्लीज यांच्या कंपनीचे प्रशिक्षणपट एवढंच हाती उरलं. हे दिवस फुकट गेले नाहीत. अपुऱ्या वेळात, मोजक्या दृश्यांत गोष्ट सांगण्याचा हात तयार राहिला.

'वाँडा'त तो हात दिसतो. प्राणिप्रेमी केनला एका म्हातारीचा काटा काढायचा असतो, पण प्रत्येक वेळी मरतो तिचा एकेक कुत्रा. क्रायटन मरणावर रेंगाळत नाहीत; दृश्य तोडून थेट दफनविधीवर येतात. गाणारी चर्चमधली मुलं, शोकाकुल म्हातारी आणि आडून मुसमुसणारा केन. दुसऱ्या खेपेला तर दफन दिसण्याआधीच प्रेक्षक हसू लागतो.

दिग्दर्शन आणि (क्लीज यांच्यासोबत) पटकथा अशी ऑस्करची दोन नामांकनं क्रायटन यांना मिळाली. पुरस्कार मात्र सहायक अभिनेता केव्हिन क्लाइन यांना. त्यानंतर क्रायटन यांनी चित्रपट केला नाही. १९९९ मध्ये ते गेले.

सुट्टीच्या दिवशी 'लॅव्हेंडर हिल' आणि 'वाँडा' लागोपाठ पाहा. विनोद कोण करतंय यापेक्षा दृश्य कुठं तुटतंय याकडे लक्ष ठेवलंत, तर ३७ वर्षांच्या अंतराने काम करणारा हात एकाच माणसाचा आहे हे ओळखू येईल.