परगावचा तमाशा

आपल्या गावच्या जत्रेत तमाशा बघता येत नाही. हे मी कधीपासून सांगतोय आणि आमच्या लोणीत त्यावरून माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत. लोणी म्हणजे लोणी काळभोर नव्हे आणि प्रवरेचं लोणीही नव्हे. आंबेगाव तालुक्याच्या उगवतीला, बेल्हे-जेजुरी रस्त्यावरचं आमचं लोणी. शेजारी धामणी, पलीकडं पाबळ. पाऊस बेताचा, तमाशाचं वेड मात्र बेताचं नाही.

आमच्या भागातली जत्रा तुम्ही पाहिली असेल तर माझं म्हणणं पटेल. सकाळी मांडवडहाळे, रात्री पालखीचा छबिना, मग तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची हजेरी, म्हणजे दिवसाचा खेळ, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. घरात पाहुण्यांची रीघ. ज्याच्या दारात पाच-पंचवीस माणसं जेवायची आहेत तो पाटापुढून उठणार कधी आणि गण ऐकणार कधी? त्यातून तुम्ही यात्रा कमिटीत असाल तर संपलंच. मी कमिटीत होतो. ढोलकी तापायला लागली की कुणीतरी माईक मागणार, देणगीदारांची नावं वाचणार, पुढाऱ्याला नारळ-टॉवेल देणार. पोरांना नवी गाणी हवीत, म्हाताऱ्यांना वग हवा, आणि कायद्यानं रात्री दहाला भोंगा बंद. परवानगी मिळालीच तर बारापर्यंत. पूर्वी वग उभा राहायचाच मध्यरात्री आणि उजाडेपर्यंत चालायचा. आता सुपारीच्या, म्हणजे गावानं पैसे देऊन ठरवलेल्या, खेळात कात्री लागते ती वगाला.

म्हणून आवडता फड बघायचा तर परगावी जावं. तिथं आपण कुणाचे यजमान नसतो, कुणाचे भाऊबंद नसतो.

आता फड कुठं आहे हे कळणार कसं? आमच्याकडं त्याचं उत्तर एकच, नारायणगाव. दसऱ्याला मोठे फड बाहेर पडतात आणि तिकिटाचा तंबू घेऊन महाराष्ट्र पालथा घालतात. मोठ्या फडात माणसं शंभराच्या घरात : नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाले, वायरमन, आचारी, तंबू ठोकणारे बिगारी. कलावंतांनी हंगामाआधी उचल घेतलेली असते, मालकानं त्यासाठी कर्ज काढलेलं असतं. चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि फड सुपारीवर खेळू लागतात, ते बुद्धपौर्णिमेपर्यंत. या सुपाऱ्या ठरतात नारायणगावात. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला प्रत्येक फडाची राहुटी पडते, बाहेर फडाचा बोर्ड, आत गादीवर मॅनेजर आणि त्याच्यापुढं तारखांची वही. गावची चार-सहा माणसं जीप करून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा पितात, भाव पाडतात. चैत्री पौर्णिमा आणि कालाष्टमी या तारखांना भाव चढा, कारण गावोगावच्या भैरवनाथांच्या जत्रा तेव्हाच येतात. मोठ्या फडाची एका दिवसाची सुपारी आता लाखांत जाते.

मी राहुटीत गेलो की मॅनेजर विचारायचा, कुठलं गाव, किती तारीख? मी म्हणायचो, सुपारी नाही द्यायची, तुमची वही दाखवा. पहिल्यांदा त्याला वाटलं, हा दुसऱ्या फडाचा माणूस. पुढं ओळख झाली. वहीत बघून मी आमच्या टोळक्याचा बेत ठरवायचो. जवळचं गाव असलं की मोटारसायकली, लांबचं असलं की टेम्पो.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आम्ही अशाच परगावी पाहिल्या. भाऊ-बापूंच्या फडातली ही मुलगी पुढं स्वतःच्या नावाचा फड घेऊन फिरली. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला, बासष्टच्या चीन युद्धात त्यांनी सीमेवर जवानांपुढं खेळ केले. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. आज राज्य शासन तमाशातल्या ज्येष्ठांना त्यांच्या नावाचा जीवनगौरव देतं. आमच्या शेजारच्या कवठे येमाईच्या बशीर मोमीन कवठेकरांना तो मिळाला तेव्हा या पट्ट्यात सगळ्यांनाच आनंद झाला. ते स्टेजवर कधी ठळक दिसले नाहीत, पण अनेक फडांचे वग आणि गाणी त्यांच्या लेखणीतली.

तमाशा न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. आधी गण, गणपतीला वंदन. मग गवळण : कृष्ण, पेंद्या, मावशी, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. मग बतावणी, म्हणजे सोंगाड्याची आणि त्याच्या जोडीदाराची शब्दांची कुस्ती. मग रंगबाजी, गाणी आणि नाच. आणि शेवटी वग, म्हणजे पूर्ण नाटक. सांगलीकडच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा ‘जहरी प्याला’ ज्यांनी पाहिला, त्यांना हवालदाराचा गणवेश दिसला तरी आजही हसू येतं.

परगावी जाण्यात एक तोटा आहे, तो मान्य करतो. बतावणी ही त्या गावासाठी असते. चांगला सोंगाड्या खेळाआधी कुणाला तरी गाठून गावची अंडीपिल्ली काढून ठेवतो. मग पाण्याच्या टाकीवरून, सोसायटीच्या निवडणुकीवरून असा काही टोला हाणतो की सगळा तंबू उसळतो, आणि आम्ही लोणीकर एकमेकांची तोंडं बघत बसतो. शेजारी बसलेला कुणी भला माणूस मग कानात खुलासा करतो, तोवर पुढचा टोला गेलेला असतो.

पण फायद्यापुढं हे काहीच नाही, आणि सगळ्यात मोठा फायदा मला आमच्या मंडळींमुळं, म्हणजे बायकोमुळं, कळला. आमच्या पिढीत गावच्या तमाशाला घरंदाज बाई बसत नसे. तिला मात्र कांताबाई सातारकरांना एकदा बघायचंच होतं. गुजरातेत जन्मलेली, साताऱ्यात वाढलेली ही बाई स्टेजवर शिवाजी महाराज उभे करते, हे तिनं माझ्या तोंडून ऐकलं होतं. कांताबाई आणि त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांचा फड मूळ संगमनेरचा. तिथं तिकिटाचा तंबू पडल्याचं कळलं, तशी ती म्हणाली, “आत्याबाईंना काय सांगायचं?”

“शिर्डीला निघालोय म्हणायचं. संगमनेर वाटेतच आहे.”

नारायणगाव, आळेफाटा, घारगाव करत एसटीनं पोचलो. तंबूत आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. ती पदर सावरून बसली, गवळणीत मावशीला बघून मोकळी हसली आणि कांताबाईंची पल्लेदार वाक्यं सुरू झाल्यावर माझ्याकडं बघायचीसुद्धा विसरली. कांताबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत. खेळ सुटल्यावर स्टँडवर बसून राहिलो, पहाटेच्या गाडीनं खरंच शिर्डीला गेलो आणि आत्याबाईंसाठी प्रसाद आणला.

मे २०२१ मध्ये कोरोनात कांताबाई गेल्याची बातमी आली. त्या साथीनं फडांची दैना केली. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, म्हणजे टाळेबंदीचा पहिलाच दिवस. वर्षाची कमाई ज्या आठवड्यांत ठरायची, नेमके त्याच आठवड्यांत राहुट्या ओस. पुढल्या पाडव्यालाही तेच. काही फड त्यातून उठले, काही नाही उठले.

आवडता खेळ बघायला परगावी धावणारा घरात मी एकटाच नाही. माझा पुतण्या पुण्यात नोकरी करतो. कोल्डप्ले नावाचा विलायती बँड जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला वाजवून गेला. तिकिटांसाठी याची आधी संगणकापुढं रांग, मग लोकलमध्ये, मग स्टेडियमबाहेर. भावजय कुरकुरली, मोबाइलवर फुकट ऐकतोस तेच ऐकायला एवढा खर्च? मी म्हटलं, जाऊ द्या वहिनी, आपल्याच घरातली खोड आहे. तो परत आल्यावर दोन तास सांगत होता, मलाही ऐकायला बरं वाटलं.

कुणाला तमाशाला जायचं असेल तर पाडव्याच्या थोडं आधी नारायणगावात राहुट्यांवर चक्कर मारा. सुपारीच्या तारखा सगळे विचारतात, तुम्ही तिकिटाचा तंबू कुठं पडतोय ते विचारा, तिथं वग पूर्ण मिळण्याची आशा जास्त. सोबत चादर घ्या, रात्री जमीन गार पडते. ढोलकीवाल्याचे हात दिसतील अशा बाजूला बसा. आणि रंगबाजी संपली म्हणून उठू नका. पोरं तेव्हाच उठतात, पुढच्या जागा रिकाम्या होतात. पुढं सरकायचं ते तेव्हा.