कुरवांना गाठ्या, सुगरणीला नाकतोडे

गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचने धक्का सोडला की दहाव्या मिनिटाला वरच्या डेकवर पाकिटं फाटायला लागतात. दिवाळीच्या सुट्टीत तर विचारूच नका. पोरंटोरं, नवी जोडपी, मावश्या-आत्या, सगळे हात उंचावून गाठ्या, शेव, काय असेल ते उडवतात आणि पांढरे पक्षी ते वरच्यावर टिपतात. फोटो झकास येतात.

सगळे त्यांना सीगल म्हणतात. मराठीत कुरव. या फेरीत दिसणारे बरेचसे तपकिरी डोक्याचे किंवा काळ्या डोक्याचे कुरव असतात. पण हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरं होतं, डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. त्यामुळे शेजारच्याला नाव सांगावं तर तो आपल्याकडेच संशयाने बघतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांकाठी अंडी घालतो. हिमालय ओलांडून आलेल्या या पाहुण्याचं खरं जेवण म्हणजे मासळी आणि किडे. आपण त्याच्यापुढे बेसनाचं खारट तळण टाकतो. तो खातो, कारण फुकटचं कोण सोडतं?

मांडव्याला उतरून किहीम, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा असं खाली जात राहिलात, तर याच हौसेची दुसरी तऱ्हा दिसते. मुंबई-पुणेकरांनी बांधलेल्या घरांच्या अंगणात ऑनलाइन मागवलेली फीडर टांगलेली असतात. तक्रार एकच: पक्षी येत नाहीत, आणि आलेच तर कबुतरं येतात. आमची नागावला वाडी आहे म्हणून हे गाऱ्हाणं माझ्यापर्यंत पोचतं. मी विचारतो, "आत्ता त्यांना तुमच्या दाण्यांची गरज काय?"

फीडर ही बर्फाच्या मुलुखातली वस्तू. ब्रिटनमध्ये १८९०-९१चा हिवाळा इतका कडक गेला की पाखरांना चार घास घाला, असं वर्तमानपत्रांनी वाचकांना सांगितलं. तिथे पक्ष्यांना खाऊ घालण्याची हौस रुजण्यात त्या हिवाळ्याचा मोठा हात होता. जमीन गोठली, किडा नाही, बी नाही, तर मग दाणा म्हणजे जीव. आपल्याकडे मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी होते, खळ्यावर दाणा सांडलेला असतो, बांधावरचं गवत बियांनी लवलेलं असतं. ही पाखरांचीही सुगी. नेमक्या याच दिवसांत आपण फीडर टांगतो. कोकणातल्या पक्ष्याची अडचण वेगळ्या महिन्यांत येते आणि ती दाण्याची नसते.

हे समजून घ्यायला किहीमसारखी जागा नाही. १९३० साली सालिम अली जर्मनीहून पक्षीशास्त्र शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या म्युझियममधली त्यांची नोकरी उरली नव्हती, पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमच्या घरी राहायला आले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती आणि पावसाळा सुरू होता. बेकार माणसाला वेळच वेळ. त्या पावसाळ्यात त्यांनी जे टिपलं ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली छापून आलं, आणि सुगरणीबद्दलची जुनी समजूत बदलली. घरटं विणतो तो नर. तेही अर्धंच, शिरस्त्राणासारखं. माद्या येतात, घर पसंत आहे का ते पाहतात. एखादीने होकार दिला की नर खालची नळी विणून घर पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की तो दुसरं घर सुरू करतो. मादीला सुगरण म्हणून कौतुक मिळतं, विणकाम मात्र बुवांचं!

आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढची. सुगरण दाणे खाणारा पक्षी, पण पिल्लांच्या चोचीत पडतात ते मुख्यतः नाकतोडे, अळ्या, किडे. चिमणीचंही तेच. जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्या ओल्या हिरव्या दिवसांत पिल्लं वाढतात ती मांसाहारावर. तुम्ही बाजरी घाला नाहीतर ज्वारी, पिल्लाला त्याचा फारसा उपयोग नाही. लॉन मखमलीसारखं कापून, त्यावर कीटकनाशक मारून, वर फीडर टांगणं म्हणजे स्वयंपाकघराला कुलूप घालून पाहुण्यांना पाटावर बसवणं. कुंपणाकडेचा दोन हात पट्टा गवताला सोडून द्या. पडवीच्या कोपऱ्यातलं कोळ्याचं एखादं जाळंही राहू द्या. शिंजीर आपलं लोंबतं घरटं त्याच धाग्यांनी बांधतो. माझ्या या सल्ल्यावर घरोघरच्या गृहिणी नाराज आहेत, हे मी जाणून आहे.

दुसरी अडचण चैत्र-वैशाखातली, पाण्याची. पूर्वी वाडीचं शिंपणं रहाटाने व्हायचं. बावडीचं पाणी डोणीत पडायचं, तिथून पाटाने माडा-पोफळींच्या आळ्यांत फिरायचं. तो पाट म्हणजे पाखरांचं न्हाणीघर होतं. दयाळ, बुलबुल, साळुंख्या, सातभाईंची टोळी, सगळे त्यात डुंबायचे. मग पंप आले, पाइप आले, आणि आता ठिबक. पाणी वाचलं, चांगलंच झालं, पण उघडं पाणी वाडीतून गेलं. हे कुणी ठरवून केलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यामुळे एकच गोष्ट करायची असेल तर पाणी ठेवा. मातीची पसरट थाळी घ्या, काठ खरबरीत हवा, पाणी दोन-तीन बोटांहून खोल नको, मध्ये एक दगड. चकचकीत स्टीलची परात नको, पाय घसरतात आणि दुपारी ती तापते. थाळी सावलीत ठेवा, जवळ बसायला फांदी असू द्या, पण मांजर दबा धरेल अशी झुडपं अगदी लगत नकोत. पाणी रोज बदला, नाहीतर पाखरांऐवजी डास पाळाल. दाणा न खाणारे पक्षीही पाण्यावर येतात, आणि इथे तेच जास्त आहेत. हिवाळ्यात नशीब असेल तर शेपटीची पांढरी फीत मिरवत स्वर्गीय नर्तकही सूर मारून जातो.

दाणे घालायचेच असतील, तर कोरड्या महिन्यांत आणि मूठभर. बाजरी, राळा, तांदळाची कणी चालते, ठिपकेवाल्या मनोल्या आणि चिमण्या येतात. संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच घाला. आपल्या दमट हवेत उरलेल्या दाण्याला बुरशी लागते, आणि ती विषारी असू शकते. बिस्किटं, पाव, फरसाण नको. साखरपाण्याच्या बाटल्यांच्या भानगडीत तर पडूच नका. इथल्या उकाड्यात ते लवकर आंबतं, आणि शिंजिराला जास्वंद व केळफूल पुरतं. भांडी घासणं हा नुसता स्वच्छतेचा सोस नाही. ब्रिटनमध्ये २००५च्या सुमारास ट्रायकोमोनोसिस नावाचा रोग ग्रीनफिंच पक्ष्यांत पसरला आणि त्यांची संख्या कोसळली. एकाच ताटात अनेकांनी चोची घातल्या की तो पसरतो. शेवटी तिथल्या पक्षीसंरक्षण संस्थेने, आरएसपीबीने, सपाट ताटाच्या फीडरची विक्री थांबवली. ढिगाने दाणे ओतले की काय होतं, हे दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली जो वाद पेटला त्यात मुंबईकरांनी पाहिलंच आहे.

रायगडात माणसांनी मांडलेलं एक ताट मात्र मला मनापासून पटतं. म्हसळा तालुक्यात चिरगावला महाडच्या सीस्केप संस्थेने गिधाडांसाठी मेलेली गुरं ठेवायला सुरुवात केली. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक औषधाने देशभरची गिधाडं मेली होती, आणि उरलेल्यांना निर्धोक अन्न मिळणं दुर्मीळ झालं होतं. तिथे गरज खरी होती.

बाकी सगळं झाडांवर सोपवावं. उंबर एकटा दहा फीडरांचं काम करतो: तांबट, हळद्या, बुलबुल, कोकीळ, आणि दक्षिणेकडे फणसाडच्या बाजूला असाल तर धनेशही. जागा कमी असेल तर कुंपणाला करवंद आणि तोरण लावा. पांगारा फेब्रुवारी-मार्चात फुलला की निष्पर्ण झाडावर नुसता बाजार भरतो. पपईचं शेंड्याकडचं एक फळ काढू नका. आणि मेलेला माड घरावर पडण्यातला नसेल, तर लगेच तोडू नका. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या झोपवल्या, आमच्याकडेही माड मोडले. शेंडा उडालेलं एक खोड मजूर मिळेना म्हणून तसंच राहिलं. पुढच्या वर्षी त्यात सुतारपक्ष्याने भोक पाडलं, त्याच्या पुढच्या वर्षी पोपट राहायला आले. आळसाचं इतकं चांगलं फळ मला दुसरं कधी मिळालेलं नाही.

आमच्या घरी दसऱ्याला दाराला नवं बांधतात: आंब्याच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या लोंब्या आणि कुरडूची फुलं. दुसऱ्या दिवसापासून चिमण्या त्याला उलट्या लोंबकळतात. दिवाळीला आकाशकंदील लावायला स्टूल घ्यावं, तोवर लोंब्यांच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात आणि उंबऱ्यावर तूस सांडलेलं असतं. आई ते केराबरोबर लोटते आणि म्हणते, "पुढच्या वर्षी दोन लोंब्या जास्त बांध रे."