परीक्षेला नसलेला धडा

३१ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाची नवी मार्गदर्शिका काढली. न्यायवैद्यकशास्त्राच्या भागात दोन स्त्रियांमधले किंवा दोन पुरुषांमधले संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त जाऊन बसले होते. योनिपटल, कौमार्य आणि त्यांचं वैद्यकीय-कायदेशीर महत्त्व हा विषयही परत आला होता. २०२२ मध्ये याच आयोगाने हे सगळं बदललं होतं. देशभरातून निषेध झाला, ५ सप्टेंबरला मार्गदर्शिका मागे घेतली गेली आणि पुढच्या काही दिवसांत सुधारलेली आली. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

मी आयुष्यभर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्र शिकवलं. माझ्या मनातून तो आठवडा अजून गेलेला नाही. मागे घेतलं हे चांगलंच झालं, पण ते लिहिणाऱ्यांना लिहिताना काहीच कसं खटकलं नाही? दहा वर्षं न्यायालयांत, कार्यशाळांत, वॉर्डांत भांडून जे मिळवलं होतं, ते त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. त्या दहा वर्षांचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा, म्हणून हे लिहिते आहे.

लिंगभाव ही कल्पना वैद्यकात आली १९५५ साली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन मनी हे मानसशास्त्रज्ञ इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः लिंग स्पष्ट नसलेल्या, मुलांचा अभ्यास करत होते. शरीराचं लिंग एक आणि माणूस स्वतःला बाई किंवा पुरुष म्हणून कसा वागवतो, कसा ओळखतो, हे दुसरं, असं त्यांनी मांडलं. इथवर ठीक होतं. पण सुरुवातीच्या वर्षांतल्या संगोपनाने मूल हवं तसं घडवता येतं, असाही त्यांचा आग्रह होता. सुंतेच्या वेळी इजा झालेल्या कॅनडातल्या एका मुलाला त्यांच्या सल्ल्याने मुलगी म्हणून वाढवलं गेलं. ती गोष्ट अनेकांनी सांगितली आहे, मी पुन्हा सांगत नाही. डेव्हिड रायमर पुरुष म्हणूनच जगला, १९९७ मध्ये ते जगापुढे आलं आणि २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. मधल्या काळात मात्र जगभरात कितीतरी तान्ह्या मुलांवर ‘दुरुस्ती’च्या शस्त्रक्रिया होऊन गेल्या. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने अशा शस्त्रक्रियांना मनाई केली ती एप्रिल २०१९ मध्ये.

पुढची पन्नास वर्षं भराभर ओलांडते. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. १९९३ मध्ये ते धोरण बदललं. २०१३ मध्ये झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचा बायकांसाठीचा डोस निम्मा करावा लागला, कारण बायकांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त उरत होतं. औषध तोवर वीस वर्षं बाजारात होतं. आम्हाला फार्माकॉलॉजीत भेटला तो सत्तर किलोचा पुरुष. बाई भेटायची ती प्रसूतीच्या आणि गर्भाशयाच्या प्रकरणांत, आणि न्यायवैद्यकात.

न्यायवैद्यकातली बाई आमच्या महाराष्ट्रातलीच होती. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तो खटला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखला जातो. वैद्यकीय तपासणीत नोंद झाली की योनिपटल पूर्वीच फाटलेलं आहे आणि दोन बोटं सहज आत जातात. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली होती, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. वकील बोलले, बायका रस्त्यावर उतरल्या. ज्यांच्या बोटांनी तो पुरावा तयार झाला होता, त्या आम्हा डॉक्टरांच्या संघटनांनी आपली तपासणी तपासून पाहिली नाही. पुढची तीस वर्षं तोच रकाना, तेच वाक्य.

मी बोलणार आहे ते २०१० नंतरच्या दशकाबद्दल. त्या वर्षी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्काराच्या प्रकरणांतल्या वैद्यकीय तपासणीचा दर्जा किती वाईट आहे, यावर सविस्तर अहवाल तयार केला. प्रश्न नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेतून गेला. मथुरा प्रकरण ज्या विदर्भात घडलं, तिथल्याच एका शिक्षकाने हे उचललं, याचं मला तेव्हाही महत्त्व वाटलं होतं. न्यायवैद्यकाच्या विभागातून असा आवाज उठेल, अशी आम्हा स्त्रीरोगवाल्यांना अपेक्षा नव्हती.

दोन बोटांच्या चाचणीत शास्त्र काय होतं? काहीच नाही. योनिपटलाचा आकार, जाडी, लवचीकपणा बाईगणिक वेगळा असतो. संबंध येऊनही ते शाबूत राहू शकतं, संबंध न येताही फाटलेलं दिसू शकतं. तपासणाऱ्याची बोटं जाड की बारीक, घाबरलेल्या मुलीने स्नायू आवळून धरले की नाही, यावर निष्कर्ष बदलतो. आणि समजा एखाद्या बाईचा पूर्वी संबंध आलेला आहे हे खात्रीने कळलंच, तरी त्या रात्री तिची संमती होती का, या प्रश्नाचं उत्तर तिच्या शरीरात कुठेही लिहिलेलं नसतं. हे समजायला शरीररचनाशास्त्राचं पहिल्या वर्षाचं ज्ञान पुरतं. तरीही हुशार, सुवर्णपदकं मिळवलेले डॉक्टर ‘संभोगाची सवय आहे’ असं केसपेपरवर लिहीत होते, कारण त्यांच्या शिक्षकांनी लिहिलं होतं आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तेच विचारलं जात होतं.

डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर सगळं बदलल्यासारखं वाटलं. न्या. वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला आणि या चाचणीला स्पष्ट विरोध केला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बाईच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला घालणारी ठरवली. मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत ही चाचणी करू नका असं तर होतंच, पण आधी उपचार, मग पुरावा, असाही क्रम होता. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला तिची संमती घ्यायची होती. तृतीयपंथी आणि इंटरसेक्स व्यक्तींची तपासणी कशी करावी, हेही लिहिलेलं होतं. त्याच वर्षी १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा ‘नाल्सा’ निकाल आला आणि स्वतःची लिंगभाव-ओळख ठरवण्याचा हक्क मान्य झाला. ती तत्त्वं आम्ही छापून लेबर रूममध्ये लावली. रात्रपाळीच्या रेसिडेंटला पहिल्यांदा कुणीतरी लेखी सांगत होतं की समोरची मुलगी पोलिसांची एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर केस) असण्याआधी तुझी पेशंट आहे.

याच सुमारास मुंबईची ‘सेहत’ ही संस्था, राज्याचं वैद्यकीय शिक्षण संचालनालय आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांनी मिळून वैद्यकीय शिक्षणात लिंगभाव आणण्याचं काम हाती घेतलं. सेहतला याचा अनुभव होता. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिकेबरोबर त्यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं होतं. घरात मार खाणारी बाई ‘पडले’ म्हणून ओपीडीत येते, तेव्हा तिला ओळखायचं कसं, हे तिथे परिचारिकांना शिकवलं जायचं. आता शिक्षकांची पाळी होती. वेगळा विषय काढला की तो पहिल्या कपातीत उडतो, म्हणून आहेत त्याच पाच विषयांत हे विणायचं ठरलं: स्त्रीरोग, न्यायवैद्यक, जनऔषधशास्त्र, मेडिसिन आणि मनोविकार.

मी त्या काळात अशा वर्गांत शिकवलं आणि शिकलेही. गर्भपाताचं उदाहरण घ्या. कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. १९७१ पासून कायदा हेच सांगतो. तरी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्याची सही मागत आलो, आणि सही नाही म्हणून परत पाठवलेल्या बायका कुठे गेल्या, हे कुणी विचारलं नाही. कुटुंबनियोजन घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के आहे. शस्त्रक्रिया पुरुषाची सोपी, कमी धोक्याची. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका दिवसात ८३ बायकांच्या नसबंद्या झाल्या आणि त्यांतल्या किमान तेरा जणी दगावल्या. आमच्या वर्गात ही बातमी चर्चेला घेतली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हे पुस्तकात का नाही?” मला त्या प्रश्नाने फार आशा वाटली होती.

आता ज्यांच्याशी माझा जुना वाद आहे त्यांच्याबद्दल. माझे कितीतरी ज्येष्ठ सहकारी या सगळ्याला ‘समाजकार्य’ म्हणत. “आम्ही रोज बायकाच तपासतो, आम्हाला बायकांबद्दल कोण शिकवणार?” हे वाक्य मी स्टाफरूममध्ये आणि परिषदांमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे की ते कोणा एकाचं राहिलेलंच नाही. त्यांना मी आज उत्तर देते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी फुटली आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तिशीतल्या, दोन-तीन मुलांच्या आया. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडावर संडास नाही, पाणी नाही, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेल्या की ‘पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल’. त्या पिशव्या काढणारे रोज बायकाच तपासत होते. त्यांचं सर्जिकल कौशल्य कमी पडलं नव्हतं. बाईचं गर्भाशय मुलं झाल्यावर निरुपयोगी, हा विचार त्यांनी आमच्याच वर्गांतून नेला होता, आणि उसाच्या फडावरची मजुरी हा रोगाचा भाग आहे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

२०१८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठाने त्या पाच विषयांत विणलेली लिंगभावाची प्रकरणं मान्य केली. २०१९ च्या सुरुवातीला राज्य सरकारने कौमार्य चाचणी लैंगिक अत्याचार मानायचं जाहीर केलं. कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी लग्नाच्या रात्रीच्या चादरीविरुद्ध उभं राहून, जातपंचायतीचा बहिष्कार सोसून हे घडवलं होतं. जातपंचायत जे चादरीत शोधत होती, तेच आमचं पाठ्यपुस्तक ‘कौमार्याच्या खुणा’ या मथळ्याखाली शिकवत होतं, ‘खरी कुमारिका’ आणि ‘खोटी कुमारिका’ असे प्रकार पाडून. डॉ. खांडेकरांच्या पाठपुराव्यानंतर त्याच वर्षी विद्यापीठाने हा भाग अभ्यासक्रमातून काढला. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही लिंगभावातली विसंगती मानसिक आजारांच्या यादीतून बाहेर काढली. आदल्याच वर्षी, २०१८ च्या सप्टेंबरात, समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा ३७७ कलमाचा निकाल लागला होता. २०१९ हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात उमेदीचं वर्ष.

आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशभर नवा, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. दिल्लीत बसून लिहिलेला. राज्याने पाच वर्षं राबून जे विणलं होतं, त्याची दखल त्यात दिसत नव्हती. समलिंगी संबंध तिथे लैंगिक विकृतींच्या शेजारी होते. शिक्षक नव्या लॉगबुकांत, हजेरीत आणि तपासणीच्या फेऱ्यांत बुडाले. मग कोविड आला. कार्यशाळांतून तयार झालेले शिक्षक बदल्यांमध्ये पांगले, काही निवृत्त झाले. छापलेली मॉड्यूल्स कपाटात राहिली. मला त्या माणसांची आठवण येते. स्वतःच्या विभागात एकटे पडून, बढतीत काही उपयोग नसताना, ते दर सत्रात दोन तास मागून घेऊन हे शिकवायचे.

पुढे मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे, २०२१ नंतर, आयोगाला पुस्तकांची भाषा सुधारावी लागली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला दोन बोटांच्या चाचणीबद्दल पुन्हा बोलावं लागलं: आता ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. २०१३ च्या निकालानंतर नऊ वर्षांनी हे सांगायची वेळ आली, म्हणजे मधली नऊ वर्षं चाचणी चालू होती. या दशकात सुधारलेली एकही गोष्ट वैद्यकीय परिषदेने आपणहून सुधारली नाही. बायकांच्या संघटना, न्यायालयं, तृतीयपंथी याचिकाकर्ते, एखाद-दुसरा हट्टी शिक्षक, यांनी ती करायला लावली. आणि जे बाहेरून आलं ते आत रुजलं नाही, कारण त्यावर कधी गुण ठेवले नाहीत. आमचा विद्यार्थी परीक्षेला येतं तेच वाचतो. त्यात त्याचा दोष नाही. तीन हजार पानांचं पुस्तक आणि रात्रपाळ्या यांत तो दुसरं काय करणार?

म्हणून माझं मागणं नव्या समितीचं किंवा नव्या मॉड्यूलचं नाही. जे आज परीक्षक म्हणून बसतात, त्यांना विनंती आहे. येत्या व्हायवात न्यायवैद्यकाच्या टेबलावर विचारा: बलात्काराच्या तपासणीत काय करायचं नाही, आणि का? स्त्रीरोगाच्या टेबलावर विचारा: पस्तिशीतली ऊसतोड कामगार अंगावरून जातं म्हणून आली, तर पिशवी काढण्याआधी काय काय कराल आणि तिला कोणते प्रश्न विचाराल? दोन वर्षं हे प्रश्न आले, तर गाइड छापणारेच उत्तरं छापतील, आणि ती पुसून टाकणं कुठल्याही मार्गदर्शिकेला अवघड जाईल.

आणि वाचणाऱ्या बायकांना एवढंच: तुम्ही सज्ञान असाल, तर गर्भपातासाठी नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या कुणालाही कोणताही दवाखाना, सरकारी असो वा खासगी, मोफत प्रथमोपचार आणि उपचार नाकारू शकत नाही. नाकारणं हा गुन्हा आहे. हे तुमच्या डॉक्टरला माहीत नसेल, तर तुम्ही त्याला सांगा.