कथेचा शेवट आधी, सुरुवात नंतर

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (1995) मधला धावत्या गाडीचा शेवटचा प्रसंग घडतो पंजाबात, पण तो चित्रित झाला पनवेल तालुक्यातल्या आपटा स्टेशनावर. कथा रचणाऱ्याने हा प्रसंग मुद्दाम अभ्यासावा. सुरुवातीला लंडनमध्ये उशिरा धावत आलेल्या नायिकेला, सिमरनला, नायक राज हात देऊन गाडीत ओढून घेतो. आपट्याच्या फलाटावर तेच घडतं, फक्त आता आधी बापाला तिचा धरलेला हात सोडावा लागतो. पहिला हात साधा मदतीचा. दुसऱ्या हातात सगळी कथा आहे.

सुरुवातीला पेरायचं आणि शेवटी उकलायचं, ही रचना मराठीत शिस्तीने मांडली ती ना. सी. फडके यांनी. ‘प्रतिभासाधन’ हे त्यांचं पुस्तक 1931 चं. गुंतागुंत, निरगाठ, उकल हे शब्द त्यांच्यामुळे लेखकांच्या तोंडी रुळले. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या नवकथेने हा साचा झुगारला आणि मनाच्या हालचालींना कथानकाहून मोठं मानलं. ते बंड आवश्यकच होतं. तरीही शेवट ठाऊक असला की सुरुवातीला काय पेरायचं हे कळतं, हा तंत्राचा धडा मला आजही खरा वाटतो.

कथा लिहायला बसाल तेव्हा शेवटचा प्रसंग आधी कागदावर उतरवा. मग पहिल्या पानावर त्याचं बी कुठे टाकता येईल ते शोधा.