महामार्ग आणि ओला कचरा : जालना जिल्ह्याच्या नियोजनातील एक दुर्लक्षित संबंध

रस्ते आणि मलनिःसारण हे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभारातील सर्वांत जुने विषय होत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची राज्यघटनेस जोडली, तीतही रस्ते व पूल आणि घनकचरा व्यवस्थापन ही दोन्ही कामे एकाच यादीत आली आहेत. प्रत्यक्षात मात्र रस्त्याची आखणी एका टेबलावर होते आणि कचऱ्याची व्यवस्था दुसऱ्या टेबलावर. या दोहोंमध्ये अंतर व वाहतूक यांचा एक घट्ट संबंध आहे, आणि तो ध्यानी न घेतल्यास दोन्ही योजना महाग पडतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. उदाहरणादाखल जालना जिल्हा घेतला आहे. कारण तेथे हे दोन्ही प्रश्न आज एकाच वेळी उभे आहेत.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्या व्यापारी भरभराटीतून रूढ झाली, तिला येथील मोक्याचे मार्ग कारणीभूत होते. पुढे बियाण्यांचा व लोखंडी सळयांचा उद्योग येथे वाढला, त्यालाही मार्गांचा आधार होता. गेल्या दहा-बारा वर्षांत या मार्गांचे स्वरूप मुळापासून बदलले. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून त्यातील सुमारे ४२ किलोमीटर जालना व बदनापूर या तालुक्यांतून जातात. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला व शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. जालन्याहून नांदेडकडे जाणाऱ्या सुमारे १७९ किलोमीटरच्या द्रुतगती जोडमार्गाची योजनाही आखली गेली आहे. शुष्क बंदराची पायाभरणी २०१५ साली झाली. आणि या सर्वांच्या जोडीला, २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. म्हणजे शहराची प्रशासकीय प्रतिष्ठा, त्याची वाढीची दिशा आणि त्याचे मार्ग ही तिन्ही एकाच दशकात बदलली.

महामार्गांचे नियोजन हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने रस्तेविकासासाठी पेट्रोलवरील कराचा स्वतंत्र निधी सुचविला. १९४३ च्या नागपूर परिषदेत प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांनी रस्त्यांची श्रेणीवार विभागणी केली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग ही आजची परिभाषा तेथूनच आली. या श्रेणीचा आपल्या विषयाशी संबंध असा की, वरच्या श्रेणीच्या रस्त्यांवर स्थानिक संस्थेचा अधिकार जवळजवळ नसतो; पण त्यांच्या कडेला साचणाऱ्या कचऱ्याची जबाबदारी मात्र तिचीच असते. महामार्ग वळला की ढाबे, उपाहारगृहे व भाजीची दुकाने त्याच्यामागे जातात. नगराच्या हद्दीत जो कचरा घंटागाडीत पडत होता, तो आता एखाद्या लहान ग्रामपंचायतीच्या शिवारात पडू लागतो, आणि तिच्यापाशी ना गाडी असते ना माणसे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार मोकळ्या मुलखात महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारतरेषा व ७५ मीटरवर नियंत्रणरेषा धरली जाते. या रेषा बांधकाम रोखण्यासाठी आहेत. त्यांमधील मोकळा पट्टा उकिरडा होऊ नये, याची तजवीज त्यांत नाही.

आता कचऱ्याकडे वळू. घरगुती ओल्या कचऱ्याविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की तो बहुतांशी पाणी असतो. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न यांत सामान्यतः ७० टक्के ओलावा धरावयास हरकत नाही. एक टन ओल्या कचऱ्यात म्हणून ३०० किलो कोरडे द्रव्य राहते. कुजण्याच्या क्रियेत त्याचा साधारण निम्मा भाग वायुरूपाने निघून जातो. उरलेल्या १५० किलोत २० टक्के ओलावा राहील असे मानले, तर हाती सुमारे १८७ किलो कंपोस्ट येते. पाच टन कचऱ्याचे एक टनही खत होत नाही.

हेच गणित जालना शहरास लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांच्या घरात होती. दरमाणशी दररोज ३०० ग्रॅम कचरा व त्यातील निम्मा ओला, असे गृहीत धरले (हे केवळ गृहीतक आहे, आजची लोकसंख्या अधिक असल्याने आकडे वाढतील, प्रमाण बदलणार नाही), तर रोजचा ओला कचरा सुमारे ४३ टन होतो. त्यांपैकी ३० टन निव्वळ पाणी. ज्या शहराने २०१२–१३ चा दुष्काळ भोगला आहे, त्याने दररोज दहा हजार लिटरच्या तीन टँकरांइतके पाणी इंधन जाळून गावाबाहेर नेऊन टाकावे, हा व्यवहार चमत्कारिक म्हटला पाहिजे. याउलट, त्याच कचऱ्याचे जागच्या जागी किंवा जवळपास खत केले, तर वाहून नेण्याजोगे ओझे रोज आठ टनांवर येते.

मग हे खत किती दूर न्यावे लागेल? रोज आठ टन म्हणजे वर्षाला सुमारे २,९०० टन. हेक्टरी ५ टन या हिशेबाने ते अवघ्या ५८० हेक्टरांस, म्हणजे ५.८ चौरस किलोमीटरांस पुरेल. शहराभोवतीच्या जमिनीपैकी केवळ एकदशांश जमिनीने ते उचलले असे धरले, तरी ५८ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र पुरते, आणि तेवढ्या वर्तुळाची त्रिज्या सव्वाचार किलोमीटरांहून फारशी अधिक नाही. शहर स्वतःच काही किलोमीटर पसरले असल्यामुळे प्रत्यक्षात हे वर्तुळ त्याच्या कडेभोवतीचे कडे होईल. तरीही ते कडे बैलगाडीच्या टप्प्यातले आहे. शहरी कंपोस्टला महामार्गाची गरज नाही. त्याला गरज आहे ती पाणंदीची व शिवरस्त्याची.

येथेच नव्या महामार्गाचा परिणाम जाणवतो. समृद्धी महामार्ग प्रवेशनियंत्रित आहे. त्यावर ट्रॅक्टर, दुचाकी व रिक्षा यांस मज्जाव आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो सोयीचा मार्ग नव्हे, तर ओलांडावयाची सीमा आहे, आणि ती ओलांडण्याची जागा म्हणजे ठराविक अंतरावरील भुयारी मार्ग वा पूल. शहराचे खतकेंद्र भिंतीच्या या बाजूला आणि शेत त्या बाजूला असेल, तर दोन किलोमीटरचे अंतर सहज सहा-सात होऊ शकते. खतासारख्या जड व स्वस्त मालास हा फेरा सोसत नाही. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातील मानकानुसार शहरी कंपोस्टमध्ये नत्र किमान ०.८ टक्के असावे लागते. टनाला केवळ ८ किलो. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असते. नत्रासाठी कोणी शेतकरी कंपोस्ट वाहणार नाही. त्याचे मोल आहे ते टनामागील १२० किलो सेंद्रिय कर्बात. जमिनीत कर्ब वाढला की ती ओल धरून ठेवते, आणि कोरडवाहू मुलखात ओलीचे मोल काय आहे ते जालन्याच्या मोसंबीबागाइतदारास सांगावे लागत नाही. परंतु हे मोल हळूहळू प्रत्ययास येते, वाहतुकीचा खर्च मात्र त्याच दिवशी द्यावा लागतो.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. रस्त्याच्या धुळीत टायरांचे जस्त, ब्रेकांचे तांबे आणि जुन्या शिसेयुक्त पेट्रोलचे अवशेष मिसळलेले असतात. असे पेट्रोल देशात २००० सालापर्यंत वापरात होते. जालन्यात त्यात लोखंडाच्या भंगाराची व कारखान्यांच्या परिसरातील धूळ मिळते. वरील आदेशाने कंपोस्टमधील शिशाची मर्यादा किलोस १०० मिलिग्रॅम व कॅडमियमची ५ मिलिग्रॅम ठरविली आहे. स्वयंपाकघरातील कचरा वेगळा ठेवला तर ही मर्यादा ओलांडण्याचे कारण नाही. पण तो रस्त्याच्या झाडलोटीशी एकाच गाडीत मिसळला, की खताची शुद्धता संपली. २००० च्या व नंतर २०१६ च्या नियमांनी वर्गीकरणाचा आग्रह धरला, त्यामागील एक शास्त्रीय कारण हेही होय. आपल्याकडे तो आग्रह बहुधा दोन रंगांच्या डब्यांपुरता समजला गेला.

कुजविण्याच्या पद्धतींची उणीव नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूर येथे सिद्ध केलेली पद्धत १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुसदचे नारायणराव पांढरीपांडे यांची १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी जाळीदार विटांची टाकी 'नाडेप' नावाने खेडोपाडी ठाऊक आहे. स्वयंपाकघरातील कचऱ्यात नत्राचे प्रमाण कर्बाच्या मानाने अधिक असते, म्हणून तो एकटा रचला तर सडतो व दुर्गंधी सुटते. त्यात काडीकचरा मिसळावा लागतो. जालन्याच्या शिवारात पऱ्हाटी व तुरीच्या तुराट्या विपुल आहेत. या कठीण काड्या लवकर कुजत नाहीत. इंदुरात त्या शेतातील रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली ठेचून घेत असत! रस्ता आणि खत यांचा इतका सरळ मेळ पुढे कोणा नियोजकाने घातल्याचे दिसत नाही.

नियोजनाच्या कायद्यात यासाठी जागा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्यात सार्वजनिक कामांसाठी जमिनी आरक्षित करता येतात. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांस हरकती घेता येतात. प्रश्न आहे तो आरक्षण कसे करावयाचे याचा. प्रथा अशी की शहरापासून दूर, मुख्य रस्त्यालगत एकच मोठी जागा कचरा डेपोसाठी राखावी. ती ज्या गावाच्या शिवारात असते, त्या गावाला त्यातून दुर्गंधी मिळते व खत मिळत नाही. विरोध होतो, आणि तो रास्त असतो. वरील हिशेब मान्य केला तर चार दिशांस चार लहान जागा, प्रत्येकी एखाद्या भुयारी मार्गाच्या वा शिवरस्त्याच्या तोंडाशी, ही रचना अधिक युक्त ठरते. महानगरपालिकेच्या हद्दीपलीकडील जागांचा प्रश्न ती एकटी सोडवू शकत नाही. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गावची स्वच्छता ग्रामपंचायतीकडे, द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. पंचायती व नगरे यांच्या योजना एकत्र आणण्यासाठी घटनेने जिल्हा नियोजन समिती निर्माण केली आहे. तिच्यासमोर निधीच्या वाटपाखेरीज असे विषय क्वचितच येतात. जालना–नांदेड मार्गावर ओलांडणीच्या जागा कोठे ठेवावयाच्या, हा विषय तिने खतकेंद्रांच्या आरक्षणासह एका बैठकीत घ्यावा, असे आम्हांस वाटते. बांधकाम पूर्ण झाल्यावर भुयारी मार्ग सरकविता येत नाही.

एक जागा मात्र वेगळा विचार मागते. बाजार समितीच्या आवारात शेतमाल भरून येणारे ट्रॅक्टर पुष्कळदा रिकामे परततात. त्या आवारालगत तयार खताचे एक वाटपकेंद्र ठेवले, तर परतीच्या वाहतुकीचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो, आणि भाजीबाजाराचा कचराही दूर न्यावा लागत नाही. तेथे वजनकाटा असतोच. किती टन खत कोणत्या गावी गेले याची नोंद त्याच पावतीपुस्तकातून मिळू शकेल.