उधारीचे ओझे आणि कानांनी ऐकलेली पुस्तके

मालाचा, हमालीचा, उधारीचा हिशेब आपण व्यापारी रोज लिहितो. पण उधारीने माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा रकाना कोणत्याच वहीत नसतो. गरिबी आणि मनाचे आजार या विषयावरची पुस्तके आता ऐकताही येतात. तासगावातील आमच्या दुकानात ती ऐकली गेली. ऐकणाऱ्यांचे म्हणणे व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगाचे वाटले, म्हणून येथे देत आहोत.

पुस्तक कोणीतरी वाचून दाखवतो व आपण ते मोबाइलवर ऐकतो, यालाच ऑडिओबुक म्हणतात. स्वीडनची स्टोरीटेल ही कंपनी २०१७ साली भारतात आली आणि मराठीत हा प्रकार चांगला रुळला. शिलाई मशीनवर बसलेल्याचे हात व डोळे कामात असतात, कान मोकळे असतात. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना छापील मराठी पान वाचायला वेळ लागतो, ऐकायला लागत नाही.

पुस्तक काय सांगते?

सेंधिल मुल्लैनाथन व एल्दार शफीर यांचे 'स्केअर्सिटी' हे २०१३ चे पुस्तक आमचा भाचा इंग्रजीतून ऐके आणि थांबून थांबून सर्वांना मराठीत सांगे. त्यात तामिळनाडूच्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पाहणी आहे. ४६४ शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी व नंतर डोके चालवण्याच्या चाचण्या दिल्या. हात तंग असताना तेच शेतकरी मागे पडले, पैसा आल्यावर पुढे गेले. म्हणजे गरिबाला अक्कल कमी नसते. चणचणीच्या काळजीत ती अडकून पडते. तासगावात बेदाण्याची पट्टी हाती येईपर्यंत घराघरांत काय चालते, ते पाहणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही.

ऐकणाऱ्यांचे म्हणणे

एक वयस्क टेलर म्हणाले, "हे तर आम्ही रोज भोगतो. पुस्तकाने नवीन काय सांगितले?" दुसऱ्या दिवशी पुढचा भाग लावा म्हणणारेही तेच होते. काज-बटण करणाऱ्या एका भगिनीने सांगितले, "झोप उडणे, भूक मरणे हा आळस नव्हे, आजार असू शकतो, हे घरच्यांना माझ्या तोंडून पटत नव्हते. पुस्तकाच्या तोंडून पटले."

तक्रार मात्र सर्वांची एकच होती. आजाराचे वर्णन भरपूर आहे, पण ज्याच्या खिशात डॉक्टरची फी नाही त्याने जायचे कुठे? ती माहिती आम्ही येथे देतो.

कायदा व मदत

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला व २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सरकारी दवाखान्यात हे उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, त्याच्याकडे तसे कार्ड असो वा नसो. आरोग्य विम्यातही शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाचा आजार धरला पाहिजे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीतून बोलता येते.

आपल्यातले अनेकजण आधी दर्ग्यावर जातात. दुआ जरूर करावी, पण दवा सोडू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. रुग्णाला साखळीने बांधणे आता या कायद्याने मना आहे.

आमची चूक

आमचा एक जुना गिऱ्हाईक, शिलाईकाम करणारा, दुकानाचा रस्ता टाळू लागला. नियत फिरली असे समजून आम्ही चार माणसांत त्याच्याकडे मागणी केली. महिनोन्महिने त्याला झोप नव्हती, हे नंतर कळले. तंगीतल्या कर्जदाराला सवड द्यावी, हा कुरआनचा हुकूम आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. वहीपुढे बसताना तो विसरलो.

आता आम्ही वसुलीचे बोलणे एकांतात करतो, हप्ता बांधून देतो आणि आधी तब्येत विचारतो. पैसा बुडेल ही भीती आम्हालाही आहे. पण खचलेला कारागीर उभा राहिला, तरच त्याच्या हातून काम होईल आणि आपली बाकी फिटेल. अल्लाह आपणा सर्वांना एवढी समज देवो.