दादाची गाडी : पोस्टर बघून की पाय टेकवून?

मुलांनो, घरात कुणाला नोकरी लागली की पेढ्यांपाठोपाठ कोणता विषय निघतो, सांगा पाहू? बरोबर, गाडीचा! दादा किंवा ताई म्हणते, "मला ती उंच, डोंगर चढणारी मोटारसायकल हवी." बाबा म्हणतात, "साधी घे." आणि तुम्ही? पोस्टर बघूनच कौल देऊन मोकळे! पण थांबा. आधी रस्ता बघू या.

मावळातलं उर्से गाव नकाशात शोधा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा एक टोलनाका इथं आहे. रस्ता कसा रुंद, गुळगुळीत. पण त्यावर दुचाकीला बंदी! म्हणजे इथून तळेगावला किंवा चाकणच्या कारखान्यात मोटारसायकलवर जायचं, तर गावातले आणि औद्योगिक वसाहतीतले रस्तेच धरावे लागतात. त्यात मावळचा पाऊस! भातखाचरातला चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येतो. खड्डा पाण्याने भरला की किती खोल, ते कळतच नाही.

डांबर आणि कच्ची वाट, दोन्हींवर चालावी म्हणून बनवलेल्या मोटारसायकलला 'ड्युअल स्पोर्ट' म्हणतात. आपल्याकडे हिरोची इम्पल्स २०११ साली आली, रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली, तर हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली.

यांत वेगळं काय? एक गंमत करून पाहा. बाटलीचं झाकण उभं धरून पेन्सिलीवरून घरंगळवा, मग ताटली घरंगळवा. झाकण अडतं, ताटली चढून जाते. खड्ड्याच्या काठाशीही तसंच होतं. म्हणून एक्सपल्सचं आणि हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची आहे. स्प्लेंडरसारख्या साध्या गाडीचं १८ इंची असतं. शिवाय यांचं पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, त्यामुळे दगड खालून घासत नाही.

पण बरं का, पोट उंच म्हणजे बैठकही उंच! स्प्लेंडरची बैठक ७८५ मिलिमीटरवर, तर २०१९ च्या एक्सपल्सची ८२३ वर. वजन बघा. स्प्लेंडर साधारण ११२ किलो, एक्सपल्स १५४ किलो. पहिल्या हिमालयनची बैठक ८०० मिलिमीटरवर, म्हणजे जरा खाली. वजन मात्र १८० किलोंच्या वर! नवशिक्या माणसाची गाडी बरेचदा पळताना नव्हे, तर थांबताना किंवा हळू वळवताना कलते. तेव्हा पाय नीट टेकला नाही, तर एवढं वजन सावरायचं कुणी?

आता तुमचं काम. दादाला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा. त्याच्या दोन्ही पायांमध्ये एक वही आडवी, वरपर्यंत नेऊन धरायला सांगा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा आणि हा आकडा बैठकीच्या उंचीशी ताडून पाहा. मग त्याच्याबरोबर दुकानात जा. गाडीवर बसल्यावर पाय टेकतात का? इंजिन बंद ठेवून तो ती मागे ढकलू शकतो का? आई मागे बसणार असेल, तर तिला चढता-उतरता येतं का? तिलाही बसवूनच पाहा हं!

टायरकडेही लक्ष असू द्या. मोठ्या खाचांचा टायर चिखलात छान पकडतो. पण ओल्या डांबरावर त्याचा टेकणारा भाग कमी, म्हणून तिथं वेग कमीच हवा. २०१९ पासून १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला, तरी एबीएस चाक जाम होऊ देत नाही. गाडी मात्र थांबायला अंतर घेतेच!

पालकांनाही एक विनंती. सगळे पैसे गाडीतच घालवू नका. आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेटं आधी बाजूला काढा. एक चालवणाऱ्याला, एक मागे बसणाऱ्याला. चार वर्षांवरील मुलांनाही कायद्याने हेल्मेट लागतं. आणि मुलांनो, गिअरची गाडी अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच. त्याआधी तुम्ही ती रस्त्यावर नेलीत, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो.

मग कोणती गाडी घ्यायची? रोजचा रस्ता खरंच खडबडीत असेल आणि पाय नीट टेकत असतील, तर ड्युअल स्पोर्ट जरूर घ्यावी. रस्ता डांबरी असेल किंवा पाय अधांतरी राहत असतील, तर साधी गाडीच शहाणी! पोस्टरवरचा डोंगर सुट्टीत बघता येईल. दादा मात्र रोज संध्याकाळी सुखरूप घरी यायला हवा, खरं ना?